मनोऱ्याआडचं दीपगृह

४ जानेवारी

वन्सं,

आम्ही दोघी सुखरूप आहोत. हे आधी वाचा, बाकीचं सावकाश. इस्पितळातल्या तुमच्या कपड्यांच्या खोलीत, चादरींच्या ढिगाआड उभ्या राहून तुम्ही हे पाकीट फोडणार आणि बाहेर ट्रॉली वाजली की दचकणार, हे मला इथे बसून दिसतंय.

त्या दुपारी तुम्ही मागचं दार उघडून दिलंत, छोटीच्या अंगावर तुमची शाल टाकलीत आणि म्हणालात, "आठ दिवस राहून ये, तोवर त्याचं डोकं थंड होईल." खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. वन्सं, मी आठ दिवसांसाठी निघाले नव्हते. आदल्या दिवशी तुमच्या भावाने माझा गळा धरला होता आणि छोटी समोर होती. ती रडली नाही. लगेच जाऊन तिने आपल्या चपला घातल्या. चार वर्षांच्या पोरीला जे कळलं, ते मला आठ वर्षं कळत नव्हतं.

संस्थेने आम्हाला एका उंच इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर एक खोली दिली आहे. संस्थेच्या बाई कडक आहेत. फोन ठेवायचा नाही, तो शोधता येतो. पत्र लिहायचं तर त्यात शहराचं नाव नको, रस्त्याचं नको, दुकानाचं नको, शेजारणीचं नको. पत्रं त्यांच्या पोस्टपेटीवर येतात. ती पेटी भलत्याच गावात आहे, आणि आमची पत्रंही तिथूनच टपालात पडतात. एवढं सगळं वगळल्यावर लिहायला उरते ती खिडकी.

खिडकी मात्र मोठी आहे. आम्ही बाहेर फारशा जात नाही, म्हणून दिवसभर तिथेच असतो. मी शर्टांना काज-बटणं करते आणि छोटी गजांना नाक लावून बसते. समोर सगळं शहर समुद्राकडे उतरत गेलेलं दिसतं. किनाऱ्याजवळची वस्ती जुनी असावी, तिथले रस्ते लोकरीच्या गुंत्यासारखे. मग मोठा रस्ता लागतो, आणि त्याच्या अलीकडे सगळं पट्टीने आखल्यासारखं सरळ. छोटीने रस्त्यांना नावं दिली आहेत. एक वाकडोबा, एक मुंगीरस्ता. तिची ती नावं लिहायला बाईंची हरकत नाही.

वरून माणसाचं तोंड दिसत नाही, नुसतं डोकं आणि चाल. मी उठल्यापासून चाली बघत असते. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी छोटीच्या तोंडावर हात ठेवते. आता तर तीच स्वतःच्या तोंडावर ठेवते.

तुमची भावजय

१५ जानेवारी

भावजयबाई,

पत्र मिळालं आणि जीव भांड्यात पडला. ट्रॉलीचं म्हणशील तर खरंच आली. शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे कपडे घेऊन मुकादम दारात उभा. मी पाकीट उशीच्या अभ्र्यात सरकवलं आणि त्याच्यावरच डाफरले, की डाग न काढता कपडे वर पाठवतोस का. बिचाऱ्याचे कपडे स्वच्छ होते.

गळ्याचं वाचून मी खाली बसले. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही, पण माझं मन घेत नाही गं. आई गेली तेव्हा तो दात पडायच्या वयाचा होता. माझ्या हातचा घास घेतल्याशिवाय झोपायचा नाही. तापट आहे हे मला मान्य, आमच्या घरात थंड डोक्याचं कोण आहे? मी तरी आहे का? पण गळा धरणं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. म्हणून तेवढा भाग मी पुन्हा वाचला नाही.

तुला सांगू का, तो बदललाय. जमीनमोजणीच्या कामावरून आला की वर तुमच्या खोल्यांत जात नाही, खाली माझ्याकडेच बसतो. ताटात वाढलं ते खाली मान घालून खातो. परवा छोटीचा एक मोजा कपाटामागे सापडला, तो खिशात घालून फिरतोय. तुझा पत्ता मला ठाऊक नाही हे त्याला मी शपथेवर सांगितलंय. तो म्हणाला, "ताई, मी विचारला का तुला?" आणि खरंच त्याने विचारला नाही.

माझी पोर काय बघते ते सगळं लिही. असं तुटक नको. डावीकडे काय, उजवीकडे काय, उंच काय दिसतं, कशाच्या मागे काय दिसतं. म्हणजे डोळे मिटले की मी तिच्या शेजारी उभी. घरात पोर नसलं की माणूस वेडं होतं. काल मी एक झबल्याएवढा अभ्रा शिवून ठेवला, कोणाच्याच उशीला होईना.

तुझी वन्सं

२८ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र छोटीला वाचून दाखवलं. अभ्रा तिच्या बाहुलीच्या उशीला होईल असा तिचा निरोप आहे.

तुमचा भाऊ बदलला असेल तर तुमच्यासाठी मला बरं वाटतं. माझ्यासाठी काही वाटत नाही. तो दर वेळी बदलायचा. बदललेला असताना तो इतका चांगला असायचा, की मला माझीच शंका यायची.

आता खिडकी. अगदी डावीकडे गोदामांची लांब पत्र्यांची छपरं, त्यांच्यापुढे बोटींचे दोर आणि डोलकाठ्या. तिथून दगडी धक्का समुद्रात आत गेलाय आणि त्याच्या टोकाला दीपगृह. मधोमध जुन्या वस्तीतून घड्याळाचा मनोरा वर आलाय. वरून बघितलं की कळतं, सगळे जुने रस्ते त्या मनोऱ्याकडेच येतात. खाली चालणाऱ्याला ते कळत नसणार, त्याला वाटत असेल आपण नुसतेच वळतोय. उजवीकडे खाडी आत शिरते, तिच्यावर रेल्वेचा पूल.

एक गंमत लिहिते. दीपगृह डावीकडे म्हटलं खरं, पण ते दिसतं मनोऱ्याच्या पाठीशीच. दिवेलागणीला दीपगृहाचा दिवा फिरायला लागतो. आमच्या खिडकीच्या मधल्या गजाशी उभं राहिलं तर तो दिवा मनोऱ्याआड पूर्ण जातो, काहीच दिसत नाही. डाव्या गजाशी गेलं की मनोऱ्याच्या डावीकडून डोकावतो, उजव्या गजाशी गेलं की उजवीकडून. छोटी त्याच्याशी लपाछपी खेळते. एका बाजूने दुसऱ्या बाजूला पळते आणि हसते. वन्सं, ती हसते हो. निघाल्यापासून पहिल्यांदा हसली ती या खेळात, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

परवा मात्र हा खेळ मध्येच मोडला. खाली एक माणूस मान वर करून आमच्या इमारतीकडे बघत उभा होता, बराच वेळ. मी छोटीला खाटेखाली ढकललं आणि स्वतः भिंतीला चिकटले. शेवटी तो खांबावर चढला. विजेच्या तारा दुरुस्त करणारा होता. दुपारभर मला सुईत दोरा ओवता आला नाही.

तुमची भावजय

९ फेब्रुवारी

भावजयबाई,

तू रागावशील, पण तुझ्यापासून लपवून माझ्या तोंडात घास जात नाही, म्हणून सांगून टाकते. तुझी पत्रं मी त्याला वाचून दाखवते.

थांब, लगेच पत्र फाडू नकोस. तुझ्या त्रासाचं, संस्थेचं, पोस्टपेटीचं एक अक्षर मी वाचत नाही. पत्र हातात देतही नाही. फक्त खिडकी वाचते. त्यात काय आहे? आकाश, समुद्र, छपरं. एकदा म्हणाला, "ताई, माझी पोर काय बघते तेवढं सांग, बाकी मला काही नको." मला नाही म्हणवलं नाही. बाप आहे तो तिचा.

आणि तो काय करतो ते ऐकशील तर तुझाही राग उतरेल. त्याने मोठा कागद आणलाय आणि त्यावर तो तुमचं शहर काढतोय. मी वाचत जाते आणि तो काढत जातो. किनारा काढला, धक्का काढला, खाडी काढली. इतकं हुबेहूब, की जणू तिथे राहून आलाय. मी म्हटलं, अरे, तुला कसं ठाऊक खाडी अशीच वळते ते? तर म्हणाला, "दगडी धक्का, खाडीवर रेल्वेचा पूल आणि घड्याळाचा मनोरा, अशी शहरं किती असतात, ताई?" हुशार तो पहिल्यापासून आहेच.

लपाछपीचा भाग त्याने मला तीनदा वाचायला लावला. मग टोकदार पेन्सिल घेऊन दीपगृहापासून मनोऱ्यापर्यंत पट्टीने एक बारीक रेघ ओढली आणि ती तशीच पुढे नेली, सगळ्या वस्तीवरून, कागदाच्या पार कडेपर्यंत. म्हणाला, "या रेघेवर कुठेतरी माझी पोर उभी आहे." बोटाने ती रेघ हळूच गोंजारली त्याने. मला तर भडभडून आलं, पदर डोळ्यांना लावून मी आत गेले. इतकी आठवण येते गं त्याला.

बरं, त्याचं एक मागणं आहे आणि मी त्याला शब्द दिलाय. तुमच्या खोलीला स्वयंपाकाच्या बाजूला दुसरी खिडकी असेल ना? तिच्यातून काय दिसतं ते लिही. मनोऱ्याआड दीपगृह तशी आणखी कुठली जोडी दिसते का, एकाच्या बरोबर मागे दुसरं? म्हणजे त्याचं चित्र पुरं होईल. बाकी इथे सगळं ठीक. धुलाईचं यंत्र बंद आहे, म्हणून डोक्यावर चादरींचा डोंगर झालाय.

तुझी वन्सं

१७ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र घरी नेऊ नका. कपड्यांच्या खोलीतच वाचा आणि तिथेच नाहीसं करा.

तो चित्र काढत नाहीये. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्याच्याबरोबर मोजणीला जायची, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी धरून उन्हात उभी राहायची. दोन खुणा एकामागे एक दिसल्या, की बघणारा त्यांच्याच रेषेवर असतो. दुसऱ्या दोन खुणा तशाच मिळाल्या, की दुसरी रेघ. जिथे रेघा एकमेकींना कापतात तिथे बघणाऱ्याचे पाय. अशी तो शेताच्या कोपऱ्यातली हरवलेली खूण शोधायचा. तुमच्यासमोर बसून तो मला शोधतोय, आणि माझ्याच तोंडून.

दोष तुमचा नाही. काठी धरून उभी राहिलेली बाई मी. संस्थेने नावं लिहू नको म्हटलं, मी नावं लिहिली नाहीत, आणि वाटलं की आता काय भीती. जपायची ती फक्त नावं असं मला वाटलं, म्हणून तेवढीच मी गिळली.

पत्र आलंच नाही असं त्याला सांगा. नंतर विचारलं तर सांगा की मी लिहिणं बंद केलंय. दुसरी रेघ त्याच्या हातात देऊ नका, तुमच्या पाया पडते. बाईंना मी सगळं सांगितलंय. दुसरीकडे खोली रिकामी होतेय, येत्या सोमवारी आम्हाला हलवतील. तोवर मी खिडकीला चादर लावली आहे. छोटी विचारते, दिवा कुठे गेला.

आणि वन्सं, तुम्ही स्वतःला जपा. तो खाली मान घालून जेवतो तेव्हा तो ऐकत असतो.

तुमची भावजय

२२ फेब्रुवारी

भावजयबाई,

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. रात्रपाळीची परिचारिका मुलगी लिहून घेते आहे, विश्वासाची आहे. माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे. आमच्याच इस्पितळात, ज्या चादरींना मी शिक्के मारले त्यांच्यावरच पडून आहे. एक तर कोपऱ्यात उसवलेली निघाली, म्हणजे माझंही काम काही फार भारी नाही.

तुझं पत्र वाचलं. तरी वेड्यासारखं वाटलं, खात्री करून घ्यावी. तिथेच फाडायचं ते मी पोलक्यात घालून घरी नेलं. तो वाटच बघत होता. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "आलं ना?" आलं नाही म्हटलं असतं तर त्याने ते ओळखलंच असतं. मग मला वाटलं, याला भलतीच रेघ द्यावी, दुसऱ्याच टोकाला जाऊन शोधत बसू दे. पत्र काढून डोळ्यांपुढे धरलं आणि त्यात नसलेलं वाचायला लागले. स्वयंपाकाच्या खिडकीतून रेल्वेचा पूल दिसतो, त्याच्या बरोबर मागे गोदामांचं शेवटचं छप्पर.

त्याने शांतपणे पट्टी लावली, रेघ ओढली. मग पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही रेघा जिथे भेटल्या तिथे नुसता समुद्र होता. मला काय गं कळतं कुठून काय दिसतं ते. तो हसला आणि म्हणाला, "ताई, माझी पोर पाण्यात राहते का?" आणि हात पुढे केला. "दाखव पत्र."

दारापाशी कपडे भिजत घातलेली बादली होती. मी पत्र तिच्यात दाबलं आणि चोळलं, शाई निघेपर्यंत चोळलं. त्याने माझा हात मनगटाला धरून मागे पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखायला नंतर लागलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. रागसुद्धा नव्हता गं त्याच्या तोंडावर. एखादं झाकण निघत नाही म्हणून माणूस जोर लावतो, तसा तो जोर लावत होता.

मी जमिनीवर पडले होते आणि तो पुन्हा कागदापाशी बसला. समुद्रातली रेघ खोडरबराने नीट पुसली. मग कागद गुंडाळून म्हणाला, "एका रेघेवर घरं तरी किती असणार? चालून बघतो." सकाळच्या गाडीने गेला.

इथे मी पायरीवरून घसरले असं सांगितलंय. तू मला गळ्याचं लिहिलंस आणि मी तो भाग पुन्हा वाचला नाही. आता दिवसभर तोच आठवतो. सोमवारची वाट बघू नकोस. हे पत्र मिळेल तशी नीघ. देवा, ते वेळेवर मिळू दे.

तुझी वन्सं

६ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं नाही. या नव्या जागी आल्यावर मिळालं. पण आम्ही दोघी आहोत, हे आधी वाचा.

तो रविवार होता. सामान बांधलेलं होतं. छोटी दिव्यासाठी हट्ट करत होती, म्हणून मी चादरीचा कोपरा जरासा वर केला. दिवसाउजेडी दिवा नव्हताच. मी सवयीने खाली चाली बघायला लागले. सुटीचा दिवस, रस्ते माणसांनी भरलेले, सगळी आपापल्या वाटेने तोंड समोर करून चाललेली. फक्त एक माणूस उलटा चालत होता.

मनोऱ्याच्या चौकापासून तो आमच्या दिशेने चढ चढत येत होता, पण पाठ आमच्याकडे आणि तोंड समुद्राकडे. चार पावलं मागे टाकायचा, थांबायचा, हात लांब करून पेन्सिल उभी धरायचा, जरा बाजूला सरकायचा, पुन्हा चार पावलं. लोक धडकत होते, वळून बघत होते. एखाद्या इमारतीआड गेला की मला वाटायचं, गेला. मग पुढच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची पाठ बाहेर यायची, पहिल्यापेक्षा मोठी. रस्ते कसेही वळू देत, तो दर वेळी बरोबर त्याच रेषेवर बाहेर यायचा. ती रेषा मला वरून दिसत होती, वन्सं. तिच्या एका टोकाला दीपगृह होतं आणि दुसऱ्या टोकाला मी.

शेजारणीच्या फोनवरून बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, दार लावून घे, आम्ही निघतोच. पण आमच्या खालचा पहारेकरी बोलघेवडा म्हातारा आहे. लहान मुलगी असलेली नवी बाई कुठे राहते असं कोणी विचारलं, तर तो लिफ्टपर्यंत सोडायला येईल. वर कोंडून घेण्याची हिंमत मला झाली नाही. छोटीला कडेवर घेतलं, तुमची शाल तिच्या डोक्यावरून घेतली आणि जिन्याने उतरले. पिशव्या वरच राहिल्या.

इमारतीला फाटक एकच. मी फाटकात पोचले तेव्हा तो आमच्याच रस्त्यावर होता. पाठमोरा. एक डोळा मिटून पेन्सिलीमागून मनोऱ्याकडे बघत तो एकेक पाऊल मागे टाकत माझ्याकडे येत होता. परत फिरले असते तर म्हाताऱ्याने हाक मारली असती. उभी राहिले असते तर तो येऊन माझ्यावर आदळला असता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्याच्या पाठीमागून रस्ता ओलांडला. हात लांब केला असता तर त्याच्या सदऱ्याला लागला असता, इतक्या जवळून. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. तो पुटपुटत होता, "अजून थोडं, अजून थोडं."

पळू नये एवढंच मी स्वतःला सांगत होते. कोपऱ्यावर वळले तेव्हा शालीतून छोटीने हळूच विचारलं, "आई, बाबा उलटे का चालतात?" तिने त्याला बघितलं होतं आणि तोंडावर हात ठेवून गप्प राहिली होती. मग मात्र मी पळाले.

बाई पोचल्या तेव्हा तो आमच्या मजल्यावर एकेक दार वाजवत होता. त्यांच्याबरोबर दोन माणसं होती, त्यांना बघून निघून गेला. नमस्कार करून गेला म्हणे.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही पायरीवरून घसरलात असं सांगितलंत. मीही तुमच्याच इस्पितळात दोनदा पायरीवरून घसरले असंच सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या घराला पायऱ्या तरी किती आहेत? मी हसले होते. तो तुमच्याकडे परत येणार, वन्सं, कारण माझ्याकडे यायची वाट आता फक्त तुमच्यातून जाते. बाई म्हणतात, तुम्ही हो म्हणालात तर त्या तुम्हालाही घेऊन येतील. पण त्याआधी खरं सांगा. मला ते जमलं नाही, नुसतं निघून येणं जमलं.

तुमची भावजय

१४ मार्च

भावजयबाई,

हाड पुन्हा बसवावं लागलं म्हणून मी अजून वॉर्डातच आहे, आणि हेही परिचारिका मुलगीच लिहून घेते आहे. परवा तो आला. मोसंबी घेऊन आला. खाटेशी स्टूल ओढून बसला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, आता कसं वाटतंय?" शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, नशीब काढलंत बाई, असा भाऊ मिळायला.

त्याने मोसंबं सोललं, बिया काढल्या, एकेक फोड माझ्या तोंडात घालायला लागला. मी खात होते. खरं सांगते, मी खात होते, कारण भीतीने माझं तोंड आपोआप उघडत होतं. मध्येच वाकून हळू म्हणाला, "नवं पत्र आलं असेल. कुठे ठेवलंयस?" मी म्हटलं, नाही आलं. तो म्हणाला, "येईल. मी थांबतो." आणि माझ्या प्लॅस्टरवर हात ठेवला, नुसता ठेवला.

तुझं पत्र वाचल्यावर परिचारिका मुलीकडून मी निरोप धाडला होता, की पोलिसांना बोलावून घे, मला सांगायचंय. ते नेमके त्याच वेळी आले. दोघे जण, त्यांत एक बाई. त्यांनी विचारलं, "पडलात कशा?" तो उठून उभा राहिला आणि माझ्या आधी म्हणाला, "पायरीवरून. तिची नजर अधू झालीय."

मी म्हटलं, "पडले नाही. यानेच मोडला."

माझा आवाज इतका बारीक निघाला, की पोलीसबाईने कान पुढे केला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, काय बोलतेस तू?" अगदी लहानपणच्या आवाजात. त्या आवाजाला आजवर मी कधी नाही म्हटलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने, वॉर्डातल्या शेवटच्या खाटेला ऐकू जाईल असं. हाताचं सांगितलं, तुझ्या गळ्याचं सांगितलं. तुझ्या दोन वेळच्या घसरण्याचे कागद इस्पितळाच्या दप्तरात आहेत, तेही काढायला लावले. जबाबावर डाव्या हाताचा अंगठा दिला. पोलीस त्याला नेईपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता. मोसंब्याची फोड त्याच्या हातात तशीच राहिली होती.

तो सुटेल गं कधीतरी. लोक म्हणतात, लवकरच. रात्री कोणी दार ढकललं तरी मी उठून बसते. माझ्याच कडेवर वाढलेल्या पोराला मी इतकी भिते, हे कोणाला सांगू? तुलाच सांगते, कारण तुला समजावून सांगावं लागत नाही.

बाईंना पाठव. मी येते. कुठे न्यायचं ते मला आधी कळवू नका. सामान म्हणशील तर काही नाही, एक हात तेवढा गळ्यात बांधलेला आहे.

तुझी वन्सं